पोरगी शूटिंगला निघाली? आधी तिचं पासबुक काढा

तीस वर्षं मी भुसावळला बँकेच्या काउंटरवर काढली. मुदत ठेवी, वारसनोंदी, अज्ञान मुलांची खाती हे माझं रोजचं काम. म्हणून पाच वर्षांपूर्वी अमळनेरहून धाकट्या भावाचा फोन आला, "आक्का, आपली छकुलीले गानामा लिधं," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, पैसे कोणाच्या खात्यात येणार? भाऊ गप्प झाला. त्याला वाटलं होतं, आक्का आधी पेढे मागेल.

छकुली तेव्हा आठ वर्षांची होती, आता तेरा. मधल्या काळात तिने सहा अहिराणी गाणी, एक शॉर्ट फिल्म आणि साडीच्या दुकानाची एक जाहिरात केली. पहिल्या दोन शूटिंगला आम्ही सगळ्या चुका केल्या, नंतर एकेक करून सुधारलो. धुळे, जळगाव, मालेगाव, शिरपूर, कुठेही जा, हल्ली एखाद्या मळ्यात कॅमेरा लागलेला दिसतोच. लग्नाची गाणी, कानबाई या खान्देशी देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय तृतीयेची गाणी, आणि त्यांत लहान पोरं हवीच असतात. तुमच्या घरी असा फोन आला तर हो म्हणण्याआधी काय करायचं, शूटिंगच्या दिवशी काय बघायचं आणि पैशाचं काय करायचं, ते सांगते.

यातलं अर्धं आम्ही घरातच शिकलो. उरलेलं अर्धं मला शिकवलं हॉलीवूडच्या जुन्या बालतारकांनी. निवृत्तीनंतर रात्री झोप लागत नाही, तेव्हा मी त्यांच्याबद्दल वाचत बसले. पेशा बँकेचा, म्हणून नजर आधी आकड्यांवर गेली.

३२ लाख आणि ४४ हजार

शर्ली टेंपल ही १९२८ सालची, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका गावची पोर. तीन वर्षांची असताना कामाला लागली. सहाव्या वर्षी अख्खी अमेरिका तिला ओळखू लागली. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं तिकीटबारीवर तिच्या पुढे कोणीही नव्हतं, मोठमोठे नटसुद्धा नाहीत. मंदीचे दिवस होते, लोकांच्या हाताला काम नव्हतं, पण तिच्या सिनेमाला ते पैसे काढत होते. तिच्या डोक्यावर मोजून ५६ कुरळ्या बटा असायच्या, आई रोज रात्री बसून त्या वळायची.

बाविसाव्या वर्षी तिने सिनेमा सोडला. त्याच सुमारास तिला आपला हिशेब कळला. आयुष्यभराची कमाई सुमारे ३२ लाख डॉलर आणि हातात शिल्लक ४४ हजार. शंभरातले दीड रुपयेसुद्धा नाहीत. बाकीचे घर चालवण्यात, नातेवाइकांत आणि फसलेल्या गुंतवणुकीत गेले होते.

तिचे वडील बँकेत नोकरीला होते. हे वाचलं त्या रात्री मी मोबाईल बाजूला ठेवून बराच वेळ अंगणात बसले. परक्याच्या ठेवीला हात लावायचा नाही हे ज्याला रोजच्या कामाने माहीत, त्याच माणसाच्या घरात हे झालं. त्याने चोरी केली असं शर्लीही कधी म्हणाली नाही, तिने आई-बापावर राग धरला नाही. पोरीचा पैसा म्हणजे घरचाच पैसा असं धरून चाललं की असंच होतं. माझा भाऊ तेच धरून चालला होता, आणि तोही लबाड नाही.

तिच्याही आधीचा जॅकी कूगन. १९२१ साली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर आपले पैसे मागितले तर आई आणि सावत्र बाप नाही म्हणाले. १९३८ साली तो कोर्टात गेला आणि शेवटी त्याच्या हाती आले १ लाख २६ हजार डॉलर. त्या खटल्याचा इतका बोभाटा झाला की १९३९ साली कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, आणि बालकलाकाराच्या कमाईतला वाटा वेगळा ठेवण्याची सोय झाली. आजही तो कायदा कूगनच्याच नावाने ओळखला जातो.

हो म्हणण्याआधी

आधी पोरीला विचारा, आणि एकटीला विचारा. चार पाहुण्यांसमोर "जाशील ना गं?" असं विचारलं तर ती हो म्हणणारच. आपल्याकडच्या नियमातही लिहिलंय की मुलाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या संमतीशिवाय काम करून घ्यायचं नाही. छकुली दोनदा नाही म्हणाली. एकदा गाण्यात साप होता म्हणून, आणि एकदा कारणच सांगितलं नाही. दोन्ही वेळा आम्ही गेलो नाही.

मग कायदा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला आपल्याकडे बंदी आहे, पण सिनेमा, मालिका, जाहिरात यांतल्या बालकलाकाराला अटींवर मोकळीक आहे. मूळ कायदा १९८६ चा, २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. पालकांनी एवढं तोंडपाठ ठेवावं: दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. पाच मुलांमागे निर्मात्याने एक जबाबदार माणूस नेमायचा, त्याने फक्त त्या मुलांकडे बघायचं. आणि कमाईतले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात.

परवानगी निर्मात्याने काढायची असते, तुम्ही नाही. ती जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे कलेक्टर ऑफिसातून मिळते, आणि शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्याच ऑफिसातून. अमळनेरची पोर शिरपूरच्या मळ्यात नाचणार असेल तर कागद धुळ्याला लागतो, जळगावला नाही. निर्माता फॉर्म सी भरून हमीपत्र देतो, सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि जबाबदार माणसाचं नाव जोडतो. ते हमीपत्र सहा महिने चालतं.

आमच्या पहिल्या निर्मात्याने यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. आम्हीही ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्याला मी नियमांची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली. आठ दिवस त्याचा फोन नाही. वहिनी माझ्यावर चिडली, आक्कांमुळे काम गेलं म्हणाली. नवव्या दिवशी तो कागद काढून आला. जो कागद मागितल्यावर कायमचा गायब होतो त्याच्या गाडीत पोरीला बसवायचं नाही, हे मी वहिनीला तेव्हाच सांगितलं होतं.

करार लेखी करा, चार ओळींचा का होईना. अज्ञान मुलाला स्वतः करार करता येत नाही, सही पालकाची लागते. शेती असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." लागलेलं आपण पाहतो, अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, नाव मुलाचं, बाप फक्त सांभाळणारा. पोरीच्या कामाचंही तसंच समजा. करारात दिवस किती, वेळ कोणती, मानधन किती आणि कधी, येण्या-जाण्याचं भाडं कोणाचं, कपडे बदलायला बंद खोली आहे का, आणि हा व्हिडिओ सोडून पोरीचा फोटो दुसऱ्या कशाला वापरायचा असेल तर आधी विचारायचं, एवढं तरी हवंच.

पैसे

रोख घेऊ नका. कोणी पाकीट पुढे केलं तर हात जोडून सांगा, पोरीच्या खात्यात टाका.

म्हणजे आधी खातं पाहिजे. जवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीचा जन्मदाखला, आधार, दोन फोटो आणि पालकाचं आधार-पॅन घेऊन जा. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर तिला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते. त्याआधी पालकाची सही. मानधन मोठं असेल आणि समोरचा कर कापून देणार असेल तर पॅनही पोरीच्या नावाचं काढून घ्या. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न आई-बापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते मुलाचंच धरतात. पण त्या पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. विवरणपत्र भरताना आपल्या माणसाला हे सांगा.

२० टक्के ही कायद्याची खालची रेघ आहे. मी भावाला म्हटलं, आपण उलटं करू. शूटिंगला जायचं भाडं, तिथलं खाणं आणि तिच्या कपड्यांचा खर्च वहीत लिहून वजा करायचा, आणि उरलेलं सगळं तिच्या नावे. वहिनीचं म्हणणं होतं, पोर जेवते आमच्या घरात, तिच्या डोक्यावरचे पत्रे गळतात, ते तिच्या पैशाने बदलले तर बिघडलं काय? प्रश्न खोटा नव्हता. दोन एकर कोरडवाहू कापसावर चालणारं घर आहे. पण पत्रे बदलणं हे बापाचं काम आहे, पोर नाचली नसती तरी ते त्यालाच करायचं होतं.

पहिल्या गाण्याचे ४००० रुपये माझ्या कानावर येण्याआधीच ठिबकच्या नळ्यांत गेले होते. मी भांडले नाही. वहीच्या पहिल्या पानावर भावाच्या हाताने लिहून घेतलं, "छकुलीकडून उसने ४०००", खाली तारीख आणि त्याची सही. डिसेंबरात कापूस गेला आणि त्याने ते तिच्या खात्यात भरले. पासबुकात ती पहिली जमा आहे. तुमच्याकडून पैसे आधीच खर्च झाले असतील तर हेच करा. लिहा, सही करा, आणि पीक आल्यावर भरा.

मुदत ठेव करताना व्याज दर तिमाहीला काढून घेण्याचा प्रकार घेऊ नका, व्याज मुद्दलात मिळवत जाणारी पुनर्गुंतवणूक ठेव घ्या. फॉर्मवर मुलीची जन्मतारीख नीट पडली का ते काउंटरवरच बघा. मुदत ती १८ ची होते त्या महिन्याच्या आसपास संपेल अशी ठेवा, किंवा दर वेळी नूतनीकरण करत तिथवर न्या. मुदतीआधी मोडायला बँक पालकाकडून "मुलाच्या हितासाठी" असं लिहून घेते. मी काउंटरवर असताना अशी शेकडो पत्रं घेतली. त्यातली काही खरी होती, आजारपणाची, ऑपरेशनची. बरीचशी नव्हती, आणि माझ्या हातात विचारायचा अधिकार नव्हता. तुमच्या हातात आहे.

वही आणि घड्याळ

दोनशे पानी वही घ्या, शूटिंगला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत ती कायम असू दे. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

"पोचलो ६.४०. मेकअप ७ ते ७.३५. पहिला शॉट ७.५०. थांबलो ९.३०. खाणं पोळी, वांग्याची भाजी, ताक. परत १०.१५. ११.२० ला छकुली म्हणाली पाय दुखतात. ११.३० ला थांबवलं. निघालो ११.४५."

पाच तास मी पोचल्यापासून मोजते, पहिल्या शॉटपासून नाही. ऊन्हात पावडर लावून खुर्चीवर बसून राहणं हेही पोराला कामच आहे. वही उघडून वेळ लिहिताना दिसलात की पुढची माणसं आपोआप घड्याळ बघायला लागतात. मला कुणाला ओरडून सांगावं लागलं नाही.

खान्देशातलं ऊन बाहेरच्यांना कळत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि आखाजीची गाणी नेमकी त्याच दिवसांत काढायची असतात. पहिल्या गाण्यात छकुलीला निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसवलं होतं. सकाळी ८ चं बोलावणं, कॅमेरा आला साडेअकराला. अकरा वेळा तोच झोका. घरी आल्यावर तिच्या तळहातांवर दोराचे लाल वळ होते आणि दोन बोटांना फोड. व्हिडिओत ती हसताना दिसते. आता उन्हाळ्यात आम्ही ६ ते १० च्या मध्येच काम घेतो, नाहीतर नाही. दोराला मऊ सुती कापड गुंडाळायला दोन मिनिटं लागतात. पाण्याची बाटली, लिंबू-साखर-मीठ, टोपी, जुनी सुती ओढणी आणि घरचा डबा बरोबर घ्या.

हॉलीवूडमध्ये त्या काळीही सेटवर शिक्षिका असायची, आणि कॅलिफोर्नियात मुलांचा रोज तीन तासांचा अभ्यास सक्तीचा होता. आपल्या गाण्यांच्या शूटिंगला शिक्षिका कुठून येणार? म्हणून रविवार आणि सुट्या धरा, आणि शाळेच्या बाईंना आधी जाऊन सांगा. छकुलीच्या बाईंनी चाचणीच्या तारखा स्वतः आमच्या वहीत लिहून दिल्या. त्या आठवड्यात काम घेतलं नाही.

अंगाबद्दल कोणी बोललं तर तिथेच थांबवा. "जरा काळी दिसते, पावडर वाढवा", "गाल फार आलेत" हे पोर ऐकत असते. जुडी गार्लंड १३ वर्षांची असताना १९३५ साली एमजीएम स्टुडिओत आली. तिला जाड म्हणून हिणवलं, खाणं तोडलं, गोळ्यांची सवय लागली. १९६९ साली ४७ व्या वर्षी ती झोपेच्या गोळ्यांच्या अतिरेकानेच गेली. केवढा आवाज होता त्या बाईचा. आमच्याकडे मेकअपवाल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगते, पोरीचा रंग आहे तोच राहू द्या.

रडण्याचा शॉट

हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

शॉर्ट फिल्मचं शूटिंग तापीकाठच्या एका गावात होतं. मी नव्हते, भाऊ होता. छकुलीला रडायचं होतं आणि तिला रडू येत नव्हतं. पाच-सहा वेळा झालं. मग दिग्दर्शकाने भावाला चहाला पाठवलं, पोरीला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "घरून फोन आला होता, तुझी आजी वारली." ती रडली. कॅमेरा चालू होता. शॉट झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला सांगितलं, अगं गंमत केली, आजी बरी आहे.

त्या रात्री मी अमळनेरला होते. एक वाजता पाणी प्यायला उठले तर छकुली अंथरुणात नव्हती. आजीच्या खाटेजवळ उभी होती, अंधारात, आणि आजीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती. मी तिची फुई, म्हणजे आत्या. जवळ गेले तर मला म्हणाली, "फुई, बोलू नको, आजी उठी जाई." असं तिने किती रात्री केलं कोण जाणे. वहिनीने दिवाळीपर्यंत तरी पाहिलं.

जॅकी कूपर नावाच्या मुलाबरोबर १९३१ च्या सिनेमात नेमकं हेच झालं होतं. त्याला रडवायला दिग्दर्शकाने, जो त्याच्या मावशीचा नवराच होता, त्याचा कुत्रा गोळी घालून मारण्याची धमकी दिली. त्या कामाबद्दल नऊ वर्षांच्या कूपरला ऑस्करचं नामांकन मिळालं. पन्नास वर्षांनी त्याने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातही तो कुत्राच होता. शर्लीच्या पहिल्या स्टुडिओत तर न ऐकणाऱ्या पोरांना बर्फाची लादी ठेवलेल्या अंधाऱ्या पेटीसारख्या खोलीत बसवायचे. हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. तीन-चार वर्षांची पोरं होती ती.

म्हणून आमचा नियम असा आहे. रडण्याचा शॉट असेल तर तो कसा घेणार ते आदल्या दिवशी विचारा. खोटी बातमी, धमकी, चिमटा, काहीही चालणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगा. पालकाने त्या वेळी सेटवरून हलायचं नाही, चहा तिथेच मागवायचा. अश्रू दाखवायचे तर ग्लिसरीनचा एक थेंब गालावर पुरतो, डोळ्यात काही घालू देऊ नका. पाठमोरा शॉट घेतला आणि खांदे हलले तरी बघणाऱ्याला कळतं. छकुलीला हे आवडतं. ती म्हणते, "खांदा मी हलावसू, डोया तुमी करा." आधी तिला पूर्ण गोष्ट सांगायची, गोष्टीतल्या मुलीला काय झालंय ते, आणि ही गोष्ट आहे हेही. शॉट झाल्यावर कपडे बदलायचे, तोंड धुवायचं, आणि घरी फोन लावून आजीशी बोलायचं. हा फोन आम्ही एकदाही चुकवला नाही.

काही वेडंवाकडं घडलं, कोणी हात लावला, धमकावलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो पोरीलाही पाठ असू द्या.

वय

वय खोटं सांगू नका. "सहाची सांगा, दिसते ना तेवढी" असं आम्हालाही कोणी म्हणालं होतं. शर्लीचं वय स्टुडिओने एका वर्षाने कमी केलं होतं. बारावा वाढदिवस म्हणून केक आला तेव्हा तिला कळलं की ती तेरा वर्षांची आहे. पोराचं एक वर्षच कोणीतरी खिशात घातलं. पुढे शाळा, आधार, बँक, सगळीकडे जन्मदाखलाच लागतो.

काम थांबतं तेव्हा

ते थांबणारच. छकुली अकरा वर्षांची झाली, एका पावसाळ्यात चार बोटं उंच झाली आणि फोन येईनासे झाले. तिच्या जागी सहा वर्षांची नवी मुलगी आली. गाणं मोबाईलवर लागलं होतं, छकुलीने पूर्ण बघितलं आणि मला विचारलं, "फुई, मनं काय चुकनं?"

हा प्रश्न येण्याआधीच उत्तर देऊन ठेवा. पहिल्याच शूटिंगच्या वेळी सांगा की हे काम छोट्या मुलीचं आहे, तू मोठी होशील तेव्हा ते दुसरीला मिळेल, त्यात तुझी चूक नसेल. आम्ही सांगितलं नव्हतं. नंतर समजावायला फार दिवस गेले.

आणि तिच्या कमाईवर घर उभं करू नका. बेबी पेगी नावाची एक पोर १९२० च्या सुमारास मूकपटांत आली, दीड वर्षाची असताना. काही वर्षांतच तिची कमाई लाखांत गेली. १९२५ च्या सुमारास बापाचं निर्मात्याशी बिनसलं आणि कामं बंद पडली. पैसा उरला नव्हता. मग त्या सात-आठ वर्षांच्या पोरीला गावोगावच्या रंगमंचांवर उभं करून घर चालवलं गेलं. मोठेपणी तिने नाव बदललं, बालकलाकारांचा इतिहास लिहिला, त्यांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. २०२० साली ती गेली तेव्हा १०१ वर्षांची होती. तिच्याबद्दल वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी अमळनेरची गाडी पकडली, कारण भावाच्या डोक्यात शेती बटाईने देऊन छकुलीच्या नावाने चॅनल काढायचं चाललं होतं. जेवताना मी त्याला बेबी पेगीची गोष्ट सांगितली. तो शेवभाजीत भाकरी कुस्करत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बटाईनं राहू दे, आक्का."

शर्ली टेंपलचं पुढचं आयुष्य मी छकुलीला सांगितलंय. १९७४ मध्ये ती घानाला अमेरिकेची राजदूत झाली, १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाला. छकुलीला राजदूत म्हणजे काय ते सांगायला नकाशा काढावा लागला. तिला आता चित्रकलेची गोडी लागली आहे, आणि गाण्याचं कोणी विचारलं तर आपलं आपण उत्तर देते.

शेवटचं काम, ते आत्ताच करून टाका. ठेवीची मूळ पावती, पासबुक, जन्मदाखल्याची प्रत, कराराचे कागद आणि ती वही एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पिशवीवर पोरीचं नाव लिहा, बापाचं नाही. पिशवी कुठे आहे ते तिला दाखवा. वर्षातून एकदा तिच्या वाढदिवसाला तिला बँकेत न्या, पासबुक तिच्या हाताने मशीनमध्ये घालू द्या आणि छापून आलेला आकडा तिला मोठ्याने वाचायला सांगा. १८ पूर्ण होतील त्या महिन्यात नवे फोटो, तिचं आधार-पॅन आणि तिची सही घेऊन जायचं. त्या दिवशी पालकाचं नाव खात्यावरून निघतं. छकुलीची ती तारीख मी माझ्या घरच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर उतरवते.